खिळ्यांचा डबा

माझ्या वर्गात कोणी अंशात आणि छेदात सारखं पद दिसल्याबरोबर दोन्हीवर काट मारली, की माझं डोकं फिरतं. पोट्ट्यांना ते माहीत आहे. अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. जुनी बॅच म्हणे नव्या बॅचला बजावूनच ठेवते, की मॅडमच्या तासाला उशिरा ये, पुस्तक विसर, मागच्या बाकावर डुलक्या घे, पण विचारल्याशिवाय छेद कापू नको. माझी नक्कलही करतात. कमरेवर हात ठेवून म्हणतात, "कापलं? कोनाले विचारून कापलं?" नक्कल चांगली जमते त्यांना. मी तशीच ओरडते.

कापण्याआधी माझ्याकडे एक काम करावं लागतं. पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसा चौकोन काढायचा आणि ज्या संख्या फलनात टाकता येत नाहीत त्या सगळ्या त्यात लिहून ठेवायच्या. त्या चौकोनाला मी 'खिळ्यांचा डबा' म्हणते. हे नाव माझं नाही, सवयही माझी नाही. दोन्ही ज्या माणसाकडून घेतली, त्याचं नाव निघालं की मी शिव्या द्यायला लागायचे. सवय मात्र सुटली नाही. माणसावर राग धरता येतो, त्यानं शिकवलेल्या गणितावर कसा धरणार?

त्या सरांची शिकवणी अकोल्यातच, जठारपेठेत होती, आमच्या घरापासून जवळच, त्यांच्याच घराच्या समोरच्या खोलीत. भिंतीला लागून पिठाची चक्की. चक्की सुरू झाली की सर ओरडून शिकवत, आणि बंद झाली तरी बराच वेळ त्याच आवाजात ओरडत राहत. आम्ही सतरंजीवर बसून हसायचो. मी तेव्हा दहावीत होते. शाळेचं गणित आटोपलं की सर एकट्या मला बसवून घेत आणि पुढच्या वर्षीचं काहीबाही शिकवत. असंच एकदा त्यांनी फलन शिकवलं. डोमेन आणि रेंज.

"चक्कीत काय काय टाकता येते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ज्वारी, गहू, डाळ.

"अन् खिळा टाकला तं?"

"चक्की मोडीन, सर."

"मंग झालं. जे जे टाकता येते तो डोमेन. खालून जे जे पडते ते रेंज. पह्यले खिळे येचून डब्यात टाक, मंग दळाले बस."

छेदात शून्य आणणारी संख्या म्हणजे खिळा. वर्गमुळाखाली ऋण संख्या आणणारी, तीही खिळा. इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत सगळे विचारायचे, उत्तर काय आलं? हा माणूस आधी विचारायचा, आत कोण येऊ शकत नाही?

डोमेन मला लगेच जमला. रेंजनं मात्र छळलं. सर म्हणत, डोमेन पोरंसोरं काढते, रेंज काढाले धीर लागते. पिठाकडून दाण्याकडे उलटं चालत जायचं. उत्तराला वाय म्हणायचं आणि विचारायचं, असा वाय पाहिजे असेल तर एक्स कोणता टाकावा लागेल? कधी कधी तसा एक्स सापडतच नाही, कधी सापडतो पण नेमका डब्यात पडलेला असतो. मग तो वाय रेंजमधून बाहेर. एक्स अधिक एक, भागिले एक्स वजा तीन, यात काहीही टाका, उत्तर 'एक' कधीच येत नाही. मला ते खरं वाटेना. मी बाबांच्या दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर हजार टाकून पाहिले, लाख टाकून पाहिले. एक पॉइंट शून्य शून्य काहीतरी येत राहिलं, एक काही आला नाही. मी काउंटरवर बसून एकटीच हसत होते. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "पागल झाली का?"

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं, जठारपेठेतच. माणूस काटेकोर. काचेचा नंबर पावानं इकडेतिकडे झाला तर काच परत पाठवत. गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या हो, दिसून राहिलं मले. बाबा म्हणायचे, दिसते, पण डोकं दुखीन. सरांचा जाड भिंगांचा चष्मा बाबांनीच केलेला होता. त्याची दांडी सारखी ढिली व्हायची, आणि सर ती आवळायला दुकानात येऊन बसायचे. मग चहा, मग गप्पा. सर गेले की बाबा मला म्हणायचे, "ह्या मानसाच्या डोक्शात उजेड आहे. धरून राह्य." मी धरून राहिले.

दहावी झाली आणि सरांना अमरावतीच्या एका मोठ्या क्लासनं बोलावलं. मजले चढलेली इमारत, दारावर पोरांच्या फोटोंचे फ्लेक्स, खाली सायकली आणि गाड्यांची दाटी. सर गेले, आणि थोड्याच दिवसांनी परत येऊन आमच्या दुकानात बसले. या वेळी दांडी आवळायला नाही. म्हणाले, पोरीला माझ्यासोबत अमरावतीला पाठवा. तिथं एक स्पेशल बॅच आहे, महिन्याभरानं परीक्षा घेऊन निवडतात. त्या बॅचची पोरं देशभरातल्या मोठ्या कॉलेजांत जातात. हिचं डोकं तिथलं आहे.

मला तेच पाहिजे होतं. दूर कुठंतरी मोठ्या कॉलेजात जाऊन फक्त गणित शिकायचं, दुसरं काही म्हणजे काही नाही.

बाबांनी हातातली काच पुसून ठेवली. मग म्हणाले, "जाय. पन एक गोष्ट. स्पेशलमधी नंबर लागला तं राह्य तिथं. नाई लागला तं सामान बांधून घरी. मंग रडारड करायची नाई." आई मागून काही बोलायला गेली, तर बाबांनी हातानंच थांबवलं. मी हो म्हटलं. हसत म्हटलं. नंबर लागणारच होता, सर होते ना तिथं.

अमरावतीला राजापेठेजवळ मुलींच्या होस्टेलात राहिले. आधी साध्या बॅचमध्ये बसले. क्लासमध्ये सगळंच पळत होतं. सर तेच, पण त्यांचा आवाज बदललेला. चक्की नसताना हळू बोलायचे. मागे दारात क्लासचे मालक उभे राहून घड्याळ पाहायचे, आणि सर फळ्यावर झपाझप काट मारत पुढे जायचे. खिळ्यांचा डबा काढायला तिथं वेळच नव्हता. मी मात्र माझ्या पानाच्या कोपऱ्यात काढत होते. शेजारची पोरगी विचारायची, हे काय करून राहिली तू? मी म्हणायचे, खिळे येचतो. तिला वाटायचं अकोल्याची पोरगी जरा बैताडच आहे.

मग ती परीक्षा आली. त्यात एक प्रश्न होता. एक्स वर्ग वजा चार, भागिले एक्स वजा दोन. या फलनाची रेंज सांगा. खाली चार पर्याय.

मला आतून गुदगुल्याच झाल्या. हा प्रश्न म्हणजे सरांचा सापळा, मी बघताक्षणीच ओळखलं. एक्स वर्ग वजा चारचे दोन तुकडे होतात, एक्स वजा दोन आणि एक्स अधिक दोन. घाई करणारा माणूस वरचा आणि खालचा एक्स वजा दोन कापतो, एक्स अधिक दोन उरलं म्हणतो, आणि त्यातून तर कोणतीही संख्या येऊ शकते, म्हणून रेंज सगळ्या वास्तव संख्या असं ठोकून देतो. पण कापायच्या आधी दोन हा खिळा डब्यात पडलेला आहे. दोन टाकताच येत नाही. आणि उत्तर चार यायचं तर दोनच टाकावा लागतो, दुसरा कोणी तो आणू शकत नाही. म्हणून चार कधीच येणार नाही. सगळ्या वास्तव संख्या, चार वगळून. मी तो पर्याय निवडला आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी आन्सर की लागली. त्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, सगळ्या वास्तव संख्या.

मी पुन्हा वाचलं. छपाईची चूक असेल असं वाटलं. विचारलं तर कळलं, ती आन्सर की सरांनीच काढली होती. ज्या माणसानं मला खिळे वेचायला शिकवलं त्यानंच खिळा दळला होता. तरी मला राग आला नाही. चूक होते माणसाची. घाई असते. मी सांगेन, सर कपाळावर हात मारतील, आणि आन्सर की बदलेल, असं मी धरून चालले. तोवर यादीही लागली होती. स्पेशल बॅचची नावं जिथं संपत होती, तिथून खाली पहिलं नाव माझं होतं. एवढा एक प्रश्न धरला असता तर मी आत होते.

मी सरांना जिन्यात गाठलं. त्यांनी पेपर पाहिला, कोपऱ्यातला डबा पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "उद्या वर्गात विचार," एवढंच म्हणाले. मला वाटलं, सगळ्यांसमोर माझं बरोबर आहे असं सांगायचंय त्यांना. होस्टेलवर जाऊन मी केस धुतले. फळ्यापाशी उभं राहायचं म्हणून चांगला ड्रेस काढून ठेवला. काय बावळट होते मी.

वर्गात मी हात वर केला. सरांनी फळ्याकडे बोलावलं. मी कोपऱ्यात चौकोन काढला, त्यात दोन लिहिला, आणि सगळं नीट सोडवून दाखवलं. शेवटी लिहिलं, चार वगळून. मागे वळून पाहिलं, तर दारात मालक उभे होते.

"सर, आन्सर की बरोबर आहे ना?" मालकांनी विचारलं. साधंच विचारलं, आवाज न चढवता.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्या बाबांनी बनवलेला चष्मा. "बरोबर आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "इतकं खोलात जायची गरज नाही परीक्षेत. पुसून टाक."

त्यांनी डस्टर माझ्यासमोर धरला. मी पुसलं. आधी चार पुसला, मग सगळं, आणि शेवटी तो चौकोन. मागे कोणीतरी फिसकन हसलं. माझं उत्तर चुकलं असतं तर मी घरी जाऊन रडून मोकळी झाले असते. बरोबर असून पुसायला लावलं, आणि ज्यानं शिकवलं त्यानंच लावलं.

वर्ग सुटल्यावर सर मागे आले. म्हणाले, "थांब जराशी. मी पाह्यतो काय करता येते ते." मी म्हटलं, "काय पाह्यता आता?" आणि खाली उतरून गेले. ते जिन्यातच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा होस्टेलच्या दारात. ऑटो थांबवून ठेवलेला. "सामान घे," म्हणाले. मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाले, "सरचा फोन आलता. पोरीचा पाया कच्चा आहे म्हनते. झेपनार नाई म्हनते तिले."

वर्गात भित्रेपणा केला हे एक वेळ समजलं असतं. पण माझ्या पाठीमागे माझ्या बापाला सांगायचं, की पाया कच्चा? मी बसमध्ये बाबांना सगळं सांगितलं, तिकिटाच्या मागे लिहून दाखवलं, खिळा कसा, डबा कसा, चार का येत नाही. बाबांनी ऐकून घेतलं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून माझ्यासाठी कचोरी घेऊन आले. म्हणाले, "खाय. जाऊ दे. मानूसच तसा निंगाला." मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. निदान बाप तरी आपल्या बाजूनं आहे.

मग माझं सगळं अकोल्यातच झालं. इथंच अकरावी-बारावी, इथंच कॉलेज, संध्याकाळी दुकानाच्या काउंटरवर. गणित सोडलं नाही, कारण सोडवेना. पण ज्या गणिताकडे मला जायचं होतं ते कुठंतरी दूर राहून गेलं, आणि मी अकरावीच्या मुलांना डोमेन-रेंज शिकवणारी मॅडम झाले. वाईट काय आहे त्यात, असं लोक म्हणतात. काही वाईट नाही. पण मला विचारून झालं नाही ते.

जेवताना गणिताचा विषय निघाला की मी सरांचा उद्धार करायचे. दगाबाज, मालकाचा पोपट, अजून काय काय. आई कानावर हात ठेवायची. बाबा भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "हुं." मला नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, काही झालं तरी गुरू आहेत, अमरावतीला जाऊन पेढे देऊन ये. बाबा लगेच म्हणाले, "काहून? त्यानं काय केलं?" मला ते ऐकून गार वाटलं होतं. पुढे एका लग्नात सर दिसले, पिकलेले केस, तोच जाड चष्मा. मला पाहून दोन पावलं पुढे आले. मी ताट घेऊन वाढप्यांच्या गर्दीत शिरले.

आणि आता परवाची गोष्ट. अकरावीतली एक पोरगी तास संपल्यावर मोबाइल घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, तुमचे सर अमरावतीले होते का?" मी म्हटलं, काहून? म्हणाली, "यूट्युबवर एक म्हातारे सर गनित शिकवते. तेबी खिळ्यांचा डबा म्हनते. दुसरं कोनीच नाई म्हनत. अन् मॅडम, त्याईनं एक गोष्ट सांगतली, अकोल्याच्या पोरीची. मले वाटलं तुमीच."

मी म्हटलं, लिंक पाठव. पोरीनं पाठवली. मी उघडली नाही. काय सांगितलं असेल ते मला पाठ होतं. अकोल्याची एक मुलगी होती, हुशार होती, पण पाया कच्चा. आता जगासमोर सांगत असतील. रविवारपर्यंत ती लिंक तशीच पडून होती.

रविवारी मी बाबांकडे गेले. आई गेल्यापासून ते एकटे असतात, दुकान कधीच आवरलं. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे तपासले, आता काळा चष्मा लावून खाटेवर पडून असतात आणि कूलरच्या आवाजाला शिव्या देतात. डोळ्यात टाकायची औषधं दोन आहेत. एका बाटलीचा थेंब टाकला की थोडा वेळ डोळा मिटून पडायचं, मग दुसऱ्या बाटलीचा. मी पहिला थेंब टाकला, आणि मधला वेळ जाईना म्हणून, आणि घरात आम्ही दोघंच होतो म्हणून, मोबाइल काढला. म्हटलं, बाबा, तुमच्या मित्राला ऐकायचं का? चला, दोघं मिळून शिव्या देऊ.

सरांचा आवाज म्हातारा झाला होता, पण ओरडणं तेच. फळ्यावर तोच प्रश्न, एक्स वर्ग वजा चार, भागिले एक्स वजा दोन. कोपऱ्यात डबा काढला, त्यात दोन टाकला. मग खडू खाली ठेवून कॅमेऱ्याकडे पाहून बोलायला लागले.

"ह्या गनिताची आन्सर की मी एकदा चुकवली होती बरं का. शिकवनारानंच खिळा दळला. अकोल्याची एक पोरगी होती, तिनं फळ्यावर येऊन मले दाखवलं. अन् मी भेलो. नवी नोकरी होती, मालक दारात उभा होता. मी तिले म्हनलं पुसून टाक. त्या पोरीचा हात मले अजून दिसते. त्याच दिवशी संध्याकाळी मी मालकापाशी जाऊन कबूल केलं. मालक चांगला मानूस, म्हने पोरीले घ्या स्पेशलमधी. मी तिच्या वडलाले फोन केला. म्हनलं, पोरगी बरोबर आहे, चूक माही आहे, उद्यापासून तिले स्पेशलमधी बसवतो. ते म्हनले, आमी तिले घरी नेऊन राह्यलो. सकाळी मी होस्टेलवर गेलो तं पोरगी निंगून गेली होती. तिनं मले माफ नाई केलं. बरोबरच केलं तिनं. म्हनून सांगतो पोरंहो, कापाच्या आधी खिळे येचा."

पुढे ते रेंज काढायला लागले. मी बंद केलं.

कूलर चालू होता. बाबा डोळे मिटून पडले होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, खोटं बोलते सायाचा. म्हणावं असं मला फार वाटत होतं. म्हणा ना बाबा. मी विश्वास ठेवीन.

"फोन आलता का तुमाले?" मी विचारलं.

"आलता."

"काय म्हणले सर?"

"आता आयकलं ना तू. तेच म्हनले."

"मग पाया कच्चा कोण म्हणालं?"

बाबांनी काळा चष्मा चाचपला, पण लावला नाही. "मी म्हनलं. त्याईच्या नावावर टाकलं. मी म्हनलो असतो का घरी चाल, तं तू आयकली असती का?"

"नाही."

"मंग."

इतक्या सहज म्हणाले, मंग. नंबर पावानं चुकला तर काच परत पाठवणारा माणूस. मी विचारलं, का केलं असं? मी काय वाकडं केलं होतं तुमचं?

"वाकडं काय करशीन तू. तू गेली असती. अमरावतीहून अजून कुठं, तिथून अजून कुठं. मंग कायले येते कोनी परत. दुकान होतं, तुही माय होती. मले तू इथं पायजे होती." मग म्हणाले, "तुह्या मायलेबी नाई सांगतलं मी. दिवाळीच्या पह्यले दुकानात आले होते सर, तुले भेटाले. तू कॉलेजात होती. मी म्हनलं, पोरीचं नाव काढू नका."

मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. ती कचोरी आठवली. बसच्या तिकिटामागे मी बापाला चार का येत नाही हे समजावून सांगत होते, आणि बापाच्या खिशात उत्तर आधीच होतं.

"इतकी वर्षं तुम्ही माझ्यासोबत बसून त्यांना शिव्या दिल्या," मी म्हटलं.

"मी नाई देल्या. तू देत होती. मी हुं म्हनत होतो."

मला फसवलं, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते. फक्त तेव्हा बोट दाखवायला माणूस दूर होता, अमरावतीला. आता तो खाटेवर पडलेला होता, एक डोळा मिटून, आणि त्याच्या पायावरची चादर मीच सारखी केली होती.

"दुसरा थेंब राह्यला," बाबा म्हणाले.

मी बाटली हलवली, पापणी उघडली आणि थेंब टाकला. अर्धा गालावर ओघळला. तो पुसला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोळा दाबला नाही.

"सरांचा पत्ता शोधते," मी म्हटलं. "अमरावतीला जाऊन येते."

बाबा म्हणाले, "मीबी येऊ का संग?"

"नका," मी म्हटलं. "मागच्या वेळी न्यायला तुम्हीच आले होते."